घराभोवती कुत्र्यासाठी जमिनीखालचं कुंपण: किट मागवण्याआधी हे वाचा

आमचा मोती शेल्टरमधून घरी आला आणि नवव्या दिवशी हरणामागे धावत थेट रस्ता ओलांडून पलीकडे गेला. समोरून येणाऱ्या बाईंनी करकचून ब्रेक दाबला म्हणून तो वाचला. त्या रात्रीच मी जमिनीखालच्या कुंपणाचं किट ऑनलाइन मागवलं आणि तिथेच चुकले. किट दोन दिवसांत आलं, पण पुढे पाच आठवडे गराजमध्ये पडून राहिलं. एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी नव्हती, जमिनीखाली कुठे काय आहे ते माहीत नव्हतं आणि तारही पुरणार नव्हती. न्यू जर्सीत आणि आसपास आपले कितीतरी लोक अपार्टमेंटमधून पहिल्यांदा अंगणाच्या घरात येतात आणि मग कुत्रा आणतात. त्यांनी माझ्यासारखे पाच आठवडे घालवू नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या. घरात किंवा गराजमध्ये एक ट्रान्समीटर भिंतीवर बसवतात आणि तो साध्या प्लगवर चालतो. त्याच्यापासून निघालेली एकच तार अंगणाला पूर्ण वेढा घालून परत त्याच्याकडेच येते. तारेतून रेडिओ सिग्नल फिरत असतो. कुत्र्याच्या कॉलरमधला रिसीव्हर तारेजवळ आला की आधी बीप वाजतो. कुत्रा तरीही पुढे गेला, तर कॉलरच्या दोन धातूच्या टोकांतून मानेला क्षणभर विजेचा झटका बसतो. रिचर्ड पेक यांना याचं अमेरिकी पेटंट १९७३ मध्ये मिळालं. इथे सगळे सर्रास ‘इन्व्हिजिबल फेन्स’ म्हणतात, पण ते एका कंपनीचं नाव आहे. बाकी कंपन्यांची किटं याच तत्त्वावर चालतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तार कुत्र्याला अडवत नाही. बीप ऐकला की मागे फिरायचं हे कुणीतरी त्याला आठवडेच्या आठवडे शिकवलेलं असतं, म्हणून तो थांबतो. खणायला दोन दिवस लागतात. वेळ काढायचा असतो तो खणण्याआधीच्या कागदांसाठी आणि नंतरच्या शिकवणीसाठी.

१. हे कुंपण तुमच्या कुत्र्याला चालेल का ते ठरवा

सासूबाई तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. कॉलर बघून म्हणाल्या, “अगं, मुक्या जिवाला चटके देऊन शिकवायचं? आपल्या वाड्यात एवढी कुत्री वाढली, कुणाच्या गळ्यात असलं काही बांधलं नाही.” मी म्हटलं, “आई, वाड्याला दिंडीदरवाजा होता. इथे अंगण संपलं की रस्ता.” त्या म्हणाल्या, “मग आधी माझ्या हाताला लावून बघ.” मी माझ्या तळहाताला लावून पाहिलं. पहिल्या पातळीला काही कळलं नाही. तिसऱ्या पातळीला, थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना बसतो तसा चटका बसला. तुम्हीही हे करा. जे त्याच्या गळ्यात बांधणार, ते आधी आपल्या हाताला लावून बघायलाच हवं.

सासूबाईंचा प्रश्न मात्र रास्त होता. वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्यामांजरांवर विजेच्या कॉलरला बंदी आहे. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ च्या निवेदनात झटका किंवा वेदना देणाऱ्या शिकवणीऐवजी बक्षिसाने शिकवण्याची बाजू घेतली आहे. म्हणून पहिली भेट पशुवैद्याची घ्या. मोतीच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं की शिकवणी बीप आणि खाऊवर करायची आणि झटका सगळ्यात खालच्या पातळीवर, बीप कळायला लागल्यावरच आणायचा. पुष्कळ कॉलरना नुसत्या बीपचा किंवा कंपनाचा पर्याय असतो. काही कुत्र्यांना तेवढंच पुरतं.

पुढच्यांपैकी काही तुमच्याकडे असेल तर या कुंपणाच्या वाटेला जाऊ नका.

– पिल्लू सहा महिन्यांपेक्षा लहान आहे.
– कुत्रा मुळातच भित्रा आहे, फटाक्यांना किंवा गडगडाटाला घाबरून कोपऱ्यात लपतो. एका झटक्याने तो अंगणात पाऊल टाकायचंच सोडून देईल.
– तो कुणाला चावला आहे किंवा अनोळखी माणसावर धावून जातो. माणूस जवळ येताना झटका बसला की त्याच्या डोक्यात त्या माणसाचं आणि वेदनेचं नातं जुळतं आणि तो जास्तच आक्रमक होतो.
– हृदयाचा आजार आहे, कुत्री गाभण आहे किंवा कुत्रा इतका लहान आहे की कॉलरवर लिहिलेल्या किमान वजनात बसत नाही.

आणखी एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. हे कुंपण फक्त तुमच्या कुत्र्याला आत ठेवतं. बाहेरच्यांना आत यायला काहीच आडकाठी नसते. न्यू जर्सीच्या सगळ्या २१ काउंट्यांमध्ये कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीचे रानटी प्राणी, आहेत. शेजारचा दांडगा कुत्रा असतो, तुमच्या कुत्र्याला हात लावायला येणारी लहान मुलं असतात. घरी कुणी नसताना कुत्रा अशा अंगणात सोडून जायचं नाही. तेवढी सोय हवी असेल तर खरं लाकडी किंवा जाळीचं कुंपण घाला. त्याला दुसरा पर्याय नाही.

‘मग जीपीएस कॉलर का नको?’ असं बरेच जण विचारतात. त्यात तार पुरावी लागत नाही हे खरं. पण जीपीएसची जागा काही फुटांनी इकडेतिकडे सरकते, दाट झाडांखाली आणि घराच्या भिंतीलगत तर जास्तच. दोन-चार एकर असतील तर ठीक. पाव-अर्ध्या एकरात ती सरकणारी रेघ रस्त्यावर जाऊन बसते.

२. कागद गोळा करा

पुढचे कागद एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.

– घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या कागदांच्या, गठ्ठ्यात मिळालेला जागेचा सर्व्हे (हद्दी दाखवणारा नकाशा)
– एचओएचे नियम आणि बांधकामबदलाच्या परवानगीचा अर्ज
– टाउनशिपचे (गावच्या पालिकेचे) कुत्र्यांविषयीचे नियम
– कुत्र्याचं लायसन्स आणि रेबीजच्या लशीचा दाखला
– घराच्या विम्याची पॉलिसी
– स्प्रिंकलरचा नकाशा, आधीच्या मालकाकडून मिळाला असेल तर

सर्व्हे सगळ्यात महत्त्वाचा. हिरवळ जिथे संपते तिथे तुमची जागा संपते असं नाही. फुटपाथलगतची पट्टी कापायची तुम्ही आणि हक्क टाउनशिपचा, असं पुष्कळ ठिकाणी असतं. मागच्या बाजूला पावसाच्या पाण्यासाठी किंवा वीजकंपनीसाठी राखलेला ईझमेंटचा पट्टा असू शकतो. तिथे तार टाकली आणि उद्या कुणी येऊन खणलं, तर तक्रारीला जागा नाही.

एचओए उंच कुंपणाला नाही म्हणते, म्हणून तर बरेच जण जमिनीखालच्या तारेकडे वळतात. पण जमिनीखाली आहे म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नका. आमच्या एचओएला तारेपेक्षा, कुत्र्याला हद्द शिकवायला गवतात लावायच्या पांढऱ्या झेंड्यांची अडचण होती. ‘झेंडे जास्तीत जास्त आठ आठवडे राहतील’ असं लिहून दिल्यावर मंजुरी मिळाली. तुम्ही पहिल्याच अर्जात ते लिहा.

टाउनशिपच्या क्लार्कला फोन करून नेमका एकच प्रश्न विचारा: तुमच्या नियमांत हे कुंपण ‘कुंपण’ धरलं जातं का? काही गावांत धरत नाहीत आणि अंगणातसुद्धा कुत्र्याबरोबर माणूस असावा लागतो. न्यू जर्सीत सात महिन्यांवरच्या कुत्र्याचं लायसन्स काढावंच लागतं. ते नसेल तर याच फेरीत काढून टाका. विम्याचं म्हणाल तर या राज्यात कुत्रा चावला की मालक जबाबदार धरला जातो, कुत्रा आधी कधी चावला नव्हता हे सांगून सुटका होत नाही. कुत्रा आणल्याचं विमा कंपनीला कळवलेलं बरं.

३. नकाशा काढा आणि तारेचा हिशेब करा

सर्व्हेची झेरॉक्स घ्या आणि पेन्सिलने तिच्यावरच रेघ ओढा. आमचा प्लॉट ११० फूट रुंद आणि २०० फूट खोल, म्हणजे साधारण अर्धा एकर. मी आधी हद्दीवरूनच रेघ ओढली होती. ते चूक. तारेच्या दोन्ही बाजूंना काही फूट सिग्नल असतो आणि कुत्रा पळत आला तर थांबायला त्याला जागा लागते. शेजाऱ्यांच्या बाजूने किमान ५ फूट आत या. रस्त्याच्या बाजूने याहून बरंच आत या. आम्ही फुटपाथपासून १५ फूट आत आलो. मोती भुंकत थेट फुटपाथच्या काठापर्यंत गेला असता तर चालायला निघालेल्या माणसाला कसं कळावं की तो पुढे येणार नाही? दिसायला तर कुंपणच नाही.

आता आकडे. आतली रुंदी १०० फूट, खोली १८० फूट, म्हणजे वेढा ५६० फूट. वळणं आणि चुका धरून १० टक्के वर, म्हणजे ६१६. ट्रान्समीटरपासून वेढ्यापर्यंत ४० फूट अंतर. तिथे दोन तारा एकमेकींना पिळून न्यायच्या असतात, म्हणजे ८० फूट, आणि पिळताना तार आखडते म्हणून १०० धरा. एकूण ७१६. किटमध्ये बहुधा ५०० फुटांचं रीळ असतं. तुमचा हिशेब नसेल तर अंदाजासाठी: चौकोनी पाव एकराचा वेढा सुमारे ४२० फूट, अर्ध्या एकराचा ५९०, एक एकराचा ८३५.

पिळलेल्या तारेचं कारण समजून घ्या, कारण तिथे बरेच जण गडबडतात. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना घट्ट पिळली की दोघींचे सिग्नल परस्परांना मारतात. तेवढ्या पट्ट्यात कॉलर गप्प राहतो आणि कुत्रा वरून आरामात जातो. नुसत्या शेजारी ठेवून हे नीट साधत नाही. फुटाला दहा-बारा पीळ हवेत. हाताने करत बसू नका. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं ड्रिलच्या तोंडात पकडा, तार ताणून धरा आणि हळू फिरवा. आमची ५० फुटांची जोडी दोन मिनिटांत तयार झाली.

याचाच उलटा धोकाही असतो. फक्त मागचं अंगण बंद करायचं असेल तर तार तीन बाजूंनी जाऊन त्याच वाटेने परत आणावी लागते, कारण वेढा पूर्ण झालाच पाहिजे. जाणारी आणि परतीची तार जवळजवळ राहिल्या तर सिग्नल मरतो आणि कुंपणाला भगदाड पडतं. दोघींत निदान ५ फूट अंतर ठेवा. तार जवळपास दुप्पट लागेल हेही धरा.

नकाशावर आणखी चार गोष्टी बघा. कोपरे काटकोनात नकोत, तीन फुटांची गोलाई द्या, नाहीतर नेमका कोपऱ्यात सिग्नल दुबळा पडतो. वीज, केबल आणि फोनच्या पुरलेल्या तारांना समांतर जाऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. समांतर गेलात तर तुमचा सिग्नल त्यांच्यात शिरतो आणि कुत्र्याला दिवाणखान्यात टीव्हीच्या भिंतीशी झटका बसू शकतो. शेजाऱ्यांकडेही असंच कुंपण असेल तर त्यांच्याशी बोलून ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी वेगळी ठेवा आणि दोन तारांत ऐसपैस अंतर सोडा. आणि कुत्र्याला शी-शूसाठी, पळण्यासाठी पुरेशी जागा उरते ना ते पाहा. अरुंद बाजूच्या बोळात दोन्हीकडून सिग्नल आला तर तो मधून जाणारच नाही.

४. खणण्याआधी ८११ ला फोन

हे टाळू नका. खणण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेण्यासाठी ८११ हा २००७ पासून अमेरिकेत देशभर चालणारा एकच नंबर आहे आणि सेवा फुकट आहे. न्यू जर्सीत खणायच्या किमान तीन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवायचं असतं. माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: तांबडा म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी केबल आणि फोन, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. ‘तीनच इंच तर खणायचं आहे, तेही फावड्याने’ असं मलाही वाटलं होतं. आमच्या घरात येणारी इंटरनेटची केबल रस्त्याच्या बाजूला जेमतेम बोटभर मातीखाली निघाली.

आता यातली मेख. ८११ फक्त कंपन्यांच्या मालकीच्या वाहिन्या दाखवतं, साधारणपणे मीटरपर्यंतच्या. मीटरच्या पुढचं तुमचं स्वतःचं काहीच दाखवत नाही. स्प्रिंकलरचे पाइप, अंगणातल्या दिव्यांच्या तारा, ग्रिलला गेलेली गॅसची नळी, शेडला नेलेली वीज हे सगळं तुम्हालाच शोधायचं आहे. स्प्रिंकलर एकेक झोन करून चालू करा आणि प्रत्येक तोंडाशी एक खूण लावा. दोन तोंडांना जोडणारी रेघ म्हणजे बहुतेक वेळा पाइपची वाट.

५. सामान

आता किट मागवा, त्याआधी नाही. किटखेरीज मला लागलेलं सामान असं:

– जास्तीची तार. किटमधली बहुधा २० गेजची असते. ती पातळ असते (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). १६ किंवा १४ गेजची जाड तार महाग पडते, पण फावड्याच्या ओझरत्या धक्क्याने तुटत नाही. सगळीकडे एकाच गेजची वापरा.
– जेल भरलेले जलरोधक जोड. इलेक्ट्रिकल टेपवर भागवू नका, एका हिवाळ्यात आत पाणी शिरतं.
– गवतात ठोकायचे स्टेपल, निदान शंभर
– विजेच्या लाटेपासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्टर. इथल्या उन्हाळी वादळांत ट्रान्समीटर जळायला वेळ लागत नाही.
– अर्धचंद्राकार पात्याचं लॉन एजर, मोजपट्टी, ड्रिल
– ड्राइव्हवेसाठी डांबर-काँक्रीट कापायचं पातं आणि भेगा भरायचं सीलंट
– जास्तीचे झेंडे. ५० पुरत नाहीत.

सगळं स्वतः केलं तर खर्च काही शे डॉलरांत भागतो. कंपनीकडून करून घेतलं तर हजाराच्या पुढे जातो, पण त्यात बहुधा शिकवणीचे एक-दोन वर्ग धरलेले असतात. भाव विचारताना ते वर्ग आहेत का आणि तार तुटली तर दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हे दोन्ही विचारा.

६. तार आधी गवतावरच पसरा

हा सल्ला मला एका शेजाऱ्यांनी दिला आणि त्याने आमचे श्रम वाचवले. पुरायची घाई करू नका. संपूर्ण वेढा गवतावर टाका, दहा-दहा फुटांवर स्टेपल ठोका, टोकं ट्रान्समीटरला जोडा आणि चालू करून बघा. ट्रान्समीटर गराजमध्ये, पण विजेच्या पॅनेलपासून आणि मोठ्या धातूच्या वस्तूंपासून तीन-चार फूट लांब बसवा.

मग कॉलर हातात घ्या, किटमधला चाचणीचा दिवा त्याच्या टोकांना लावा आणि कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरून तारेच्या दिशेने चाला. उंची महत्त्वाची आहे. तुम्ही छातीशी धरून चाललात तर खोटंच उत्तर मिळेल. दर दहा-पंधरा फुटांवर हे करा, कोपऱ्यांत जास्त वेळा. पिळलेल्या तारेवरून चालून बघा, तिथे दिवा लागता कामा नये. घरातही फिरून या.

आमचा मागचा डावा कोपरा मुका निघाला. मी तिथे तार जवळजवळ काटकोनात वळवली होती. स्टेपल उपटून गोल वळण दिलं आणि दिवा लागला. तार तीन इंच खाली असती तर तेवढ्यासाठी अख्खा कोपरा उकरावा लागला असता.

७. पुरणं

पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमीन मऊ असते, तेव्हा करा. एजरचं पातं तारेच्या कडेने पायाने दाबा, तीन इंच खाली गेलं की दांडा पुढेमागे हलवा, फट उघडते. तार हाताने आत सोडा आणि रंग ढवळायच्या लाकडी पट्टीने खाली सरकवा. स्क्रूड्रायव्हरने कधीही नाही, तारेचं आवरण सोलवटतं. तार ताणू नका. इथे हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, मग खचते. ताणलेली तार तेव्हा तुटते. फट पायाने दाबून बंद केली की आठवड्यात गवत जुळून येतं.

जोड जितके कमी तितकं चांगलं. प्रत्येक जोडाची जागा नकाशावर फुटांत लिहून ठेवा, ‘मेपलच्या खोडापासून ७ फूट, घराच्या दिशेने’ अशी. पुढे बिघाड झाला तर आधी जोडच तपासायचे असतात.

ड्राइव्हवे ओलांडताना आधी सांधा शोधा. काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर असतोच, तार त्यात दाबून वरून सीलंट भरा. डांबरात सांधा नसतो, तिथे पात्याने इंचभर खोल चर कापावा लागतो. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क, आणि हे काम आधी कधी केलं नसेल तर करणाऱ्याला बोलवा. आम्ही बोलावलं, अर्ध्या तासात झालं. खडीचा ड्राइव्हवे असेल तर तार प्लास्टिकच्या पाइपमधून न्या, नाहीतर गाडीच्या चाकाखाली खडी तिला चावत राहते.

८. कॉलर घालण्याची रीत

सर्वाधिक इजा इथे होते आणि तिचा झटक्याशी संबंध नसतो. धातूची टोकं तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिली की कातडी सडते. दिवसात १२ तासांच्या वर कॉलर ठेवू नका, रात्री काढाच. मधूनमधून जागा सरकवा. रोज संध्याकाळी केस बाजूला करून मानेवर बोट फिरवा. लाली दिसली तर जखम भरेपर्यंत कॉलर बंद.

टोक आणि कातडी यांच्यात जेमतेम एक बोट जाईल इतका घट्ट हवा. ढिला असला तर टोकं टेकत नाहीत, झटका कधी बसतो, कधी नाही, आणि कुत्र्याला नियमच कळत नाही. दाट केसांच्या कुत्र्यासाठी लांब टोकं मिळतात ती लावा. या कॉलरला साखळी कधीही अडकवायची नाही. साखळीसाठी वेगळा पट्टा किंवा हार्नेस घाला.

९. शिकवणी

तार पुरून झाली की सगळे दमलेले असतात आणि कॉलर चढवून कुत्र्याला मोकळं सोडावंसं वाटतं. असं केलं तर पहिला झटका बसल्यावर तो कुठे पळायचं ते न कळून पुढेच पळतो. मग तो बाहेर आणि परत यायला पुन्हा तीच तार आडवी.

आधी झेंडे लावा, दर सहा ते दहा फुटांवर, जिथे बीप सुरू होतो त्या रेघेवर. तारेवर नाही. कुत्र्याला तार दिसत नाही, झेंडे दिसतात.

पहिला आठवडा फक्त बीप, झटका बंद. दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, लांब साखळीवर. आमच्याकडे हे सासूबाईंनी हातात घेतलं. सकाळच्या चहानंतर, दुपारी आणि दिवेलागणीला त्या मोतीला घेऊन झेंड्यांपाशी जायच्या. बीप वाजला की लगेच “मोती, मागे फिर!” म्हणून स्वतः उलट वळायच्या, आणि तो वळला की हातातला उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याला. पहिल्या दिवशी तो बीप ऐकून नुसता कान टवकारून त्यांच्याकडे बघत राहिला. पाचव्या दिवशी संध्याकाळी बीप वाजला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तो गर्रकन वळून त्यांच्या पदराशी येऊन बसला. शब्द कुठल्याही भाषेतला चालतो, घरात सगळ्यांनी तोच वापरायचा एवढंच.

एकाच जागी शिकवू नका. रोज नवी बाजू घ्या, नाहीतर कुत्रा समजतो की फक्त मेपलपाशी थांबायचं असतं.

दुसऱ्या आठवड्यात झटका सगळ्यात खालच्या पातळीवर चालू करा, साखळी हातातच. पातळी पुरेशी आहे हे कान किंवा मान झटकण्यावरून कळतं. कुत्रा ओरडला, शेपूट पोटाशी घेऊन घराकडे पळाला तर पातळी जास्त आहे. लगेच खाली आणा आणि त्या दिवशी झेंड्यांपासून लांब खेळून शेवट आनंदाचा करा. मोतीला एकूण तीनदा झटका बसला.

तिसऱ्या आठवड्यात मोह दाखवा. कुणीतरी तारेपलीकडे चेंडू टाकावा, शेजाऱ्यांनी आपला कुत्रा घेऊन फुटपाथवरून जावं. साखळी अजून हातात. मोती खारीला हसत-खेळत सोडायचा, पण हरीण दिसलं की तिसऱ्या आठवड्यातही साखळी ताणायचा. म्हणून आमचा तिसरा आठवडा पाच आठवडे चालला. तुमचाही लांबला तर लांबू द्या. ठरावीक दिवस झाले म्हणून पुढे जायचं नाही, कुत्रा तयार झाला की जायचं.

त्यानंतर साखळी जमिनीवर लोंबती ठेवून, मग साखळीशिवाय, पण तुम्ही अंगणात हजर. झेंडे एकदम उपटू नका. दर चार दिवसांनी एकाआड एक काढत चला.

एक नवीच अडचण येते, ती कुणी आधी सांगत नाही. शिकलेला कुत्रा फिरायला जायलाही तार ओलांडत नाही. ओढू नका, त्याने शिकलेलं सगळं मोडतं. कॉलर घरातच काढून ठेवा, सुरुवातीचे काही दिवस गाडीत बसवून बाहेर न्या. मग ड्राइव्हवेची एकच जागा ठरवा आणि दरवेळी तिथूनच, साखळीवर, ठरलेला शब्द म्हणून न्या. आमचा शब्द “चल भुर्र”. कॉलर काढलाय ना ते दरवेळी स्वतः बघा.

१०. नंतर

दर आठवड्याला चाचणीचा दिवा घेऊन एक फेरी मारा. बॅटरी किती टिकते ते कंपनीवर अवलंबून आहे, पण थंडीत लवकर उतरते. तार तुटली की ट्रान्समीटर ओरडतो. गराजमधलं ओरडणं घरात ऐकू येतं का ते आधीच पाहून ठेवा. आमची तार पहिल्याच वसंतात तुटली. गवतवाल्यांनी जमिनीला भोकं पाडायचं एरेटर फिरवलं, ते दोन-तीन इंच खाली जातं. आता ते येण्याआधी मी तारेवर पुन्हा झेंडे लावते. बर्फ ढीगभर साठला की कुत्रा तारेच्या दोन फूट वरून चालतो आणि सिग्नल तिथवर पोचेलच असं नाही. त्या दिवसांत मोती साखळीवरच बाहेर जातो.

आणि डिसेंबरात सगळे चार-पाच आठवडे भारतात जातो तेव्हाचं. कुत्रा ज्यांच्याकडे राहणार त्यांच्या घरी हे कुंपण नाही, हे त्याला कळत नाही. तिथे तो झेंडे शोधतो, सापडले नाहीत की चालत राहतो. त्यांना साखळी सोडू नका म्हणून सांगा. कुणी तुमच्या घरी येऊन राहणार असेल तर गराजच्या दारावर कागद चिकटवा. आमच्या दारावर सासूबाईंच्या अक्षरात आहे: कॉलर रात्री काढा. फिरायला नेताना काढा. ट्रान्समीटर ओरडला तर मोतीला आत घ्या, मग आम्हाला फोन करा. शब्द: मागे फिर. चिकन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.